फाऊल होता, बाबा

बाबा,

अंतिम सामना झाला. कसा झाला ते तुम्हाला मीच सांगायला हवं, कारण शिट्टी माझ्या तोंडात होती.

तुम्ही गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले. इतके दिवस घरात माणसं येत होती आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती. सरकारी कचेरीत तीस-बत्तीस वर्षं काढूनही कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही, वारज्यातल्या आपल्या सोसायटीतल्या किती मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले, विहाराच्या वाचनालयाला कपाट मिळवून दिलं. सगळं खरं आहे. पण हा माणूस चाळीस वर्षं पुण्यातल्या बास्केटबॉल कोर्टांच्या कडेला बसून रेफरींना टोमणे मारत होता, हे एकानेही काढलं नाही. मला राहवेना. शेवटी मीच आत्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसाचं असं बोलू नये."

त्यांना काय माहीत, माझ्या लेखी तुमचं सगळ्यात मोठं काम तेच होतं.

आपली पहिली भेट आठवते? तुम्ही आणि आई राहुलला घेऊन मला बघायला आला होतात. राहुल माझ्याशी नोकरीबद्दल काहीतरी बोलत होता आणि तुमचं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे होतं.

"ही करंगळी अशी वाकडी कशी?" तुम्ही एकदम विचारलंत. माझ्या आईचा चेहरा उतरला. मुलीत खोट निघाली असं तिला वाटलं असणार.

"बास्केटबॉल," मी म्हटलं. "पास पकडताना मोडली."

तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत. "मग मला एक सांग. मोठ्या खेळाडूला रेफरी सूट देतात की नाही?"

"देतात."

"किती?"

"एक पाऊल जास्त. कधी कधी दीड."

तुम्ही माझ्या वडिलांकडे वळून म्हणालात, "बाकीचं तुम्ही मंडळी ठरवा. माझी काही हरकत नाही." राहुल अजून म्हणतो की त्याचं लग्न एका पावलावर ठरलं.

तुम्ही स्वतः कधी खेळला नाहीत. "मी उंचीने मार खाल्ला," असं सांगायचात. पण खेळ तुम्हाला खेळाडूंपेक्षा जास्त कळायचा, आणि तुमचं लक्ष बास्केटपेक्षा रेफरीवर असायचं. तुमचे टोमणे सगळ्या शहराला पाठ होते. एकदा आपल्या क्लबच्या विक्रांतने समोरच्याला सरळ ढकललं आणि रेफरीने डोळेझाक केली. तेव्हा तुम्ही पाचव्या पायरीवरून ओरडलात, "रेफरीसाहेब, फोटो काढून घ्यायचा असेल तर सामना संपल्यावर घ्या!" सगळं मैदान हसलं. विक्रांतसुद्धा हसला. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता, नुकताच देशाच्या संघात निवडला गेला होता, आणि तुमचा लाडका होता. लाडक्याच्या बाजूने चूक झाली तरी तुम्ही ओरडायचात, हे मला त्या दिवशी कळलं.

मुक्ताच्या जन्मानंतर माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितल्या. खराडीतली नोकरी, जाण्यायेण्यात तीन तास, घरी तान्हं मूल. मी गुपचूप बूट माळ्यावर टाकले. आठवड्याभराने तुम्ही रेफरीच्या परीक्षेचा अर्ज माझ्यापुढे ठेवलात. माझं नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं तुमच्या अक्षरात भरून तयार होतं.

"बाबा, मला लोक शिव्या देतील."

"मी देतोच की इतरांना. त्या खायला घरातलंही कुणीतरी हवं."

मग तीन महिने तुम्ही माझ्याकडून नियमपुस्तक पाठ करून घेतलंत. मी मुक्ताला भरवत असायचे आणि तुम्ही समोर बसून प्रश्न विचारायचात. मुक्ताने 'बाबा' आणि 'आई'नंतर तिसरा शब्द 'फाऊल' शिकला, याचं श्रेय तुमचं.

सकाळी सहाला टीव्हीवर अमेरिकेतले सामने लागायचे. तुम्ही चहा घेऊन बसायचात, मी डबा भरता भरता बघायचे. तिथला एखादा जगप्रसिद्ध खेळाडू चेंडू धरून बास्केटकडे निघाला की तुम्ही मोठ्याने पावलं मोजायला लागायचात. "एक, दोन, तीन... अहो, पायी चाललाय तो! कुणीतरी अडवा त्याला!"

आई आतून म्हणायच्या, "अहो, तिकडे ऐकू जात नाही."

"इकडच्या रेफरीला तर जातंय," असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात.

अशाच एका सकाळी तुम्ही मला सांगितलंत की पैसे खाणाऱ्या रेफरीची तुम्हाला फारशी भीती वाटत नाही. तो कधी ना कधी सापडतो. तुम्हाला भीती वाटायची ती भारावलेल्या रेफरीची. "त्याला कुणी काही दिलेलं नसतं," तुम्ही म्हणालात. "समोर मोठा माणूस आला की त्याची शिट्टी आपोआप मऊ होते. आणि घरी जाऊन तो शांत झोपतो, कारण त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. मी कचेरीत हेच बघितलं गं. साहेबाच्या ओळखीच्याची फाईल कुणी न सांगता वर यायची. आपल्यासारख्यांची खाली जायची. कुणी लाच घेतलेली नसायची."

मी मान डोलावली होती. मला वाटलं, हे मला लागू नाही.

आणि मग तो उपांत्य सामना आला. माझं रेफरी म्हणून चौथं वर्ष होतं. चार सेकंद उरले होते, आपला क्लब एका गुणाने मागे होता, आणि विक्रांतने माझ्यासमोरून, अगदी माझ्या नाकासमोरून, चेंडू धरून धाव घेतली. चेंडू हातात धरल्यावर दोन पावलं टाकता येतात. त्याने चार टाकली. मी ती मोजली, बाबा. एक, दोन, तीन, चार, अशी तुमच्याच आवाजात मोजली. शिट्टी ओठात होती. श्वास भरलेला होता. आणि मी ती वाजवली नाही. चेंडू जाळीत गेला, आपला क्लब एका गुणाने जिंकला, आणि तुमचे सगळे मित्र एकमेकांना मिठ्या मारू लागले.

तुम्ही पायरीवर बसून राहिला होतात.

घरी येताना स्कूटरवर तुम्ही मागे बसला होतात. कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलला थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "तू पाहिलंस."

"काय?"

"स्नेहल. तू पाहिलंस."

सिग्नल सुटला. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी स्कूटर कडेला घेतली आणि रडायला लागले. "हो. चार पावलं. मला वाजवताच आली नाही."

मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल की जाऊ दे, होतं असं. तुम्ही म्हणालात, "मग ते जगताप सरांना सांगायला हवं."

जगताप सर हरलेल्या संघाचे प्रशिक्षक. सकाळी मंडईत त्यांचा लसणाचा गाळा, संध्याकाळी कोर्टवर मुलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तुम्ही मला तिथे घेऊन गेलात. मी वाटेत तीनदा म्हटलं की निकाल आता बदलणार नाही, मग सांगून काय उपयोग. गाळ्यापाशी गेल्यावर तुम्ही दोन पावलं मागे थांबलात आणि मला पुढे केलंत. त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला होता, बाबा, की तो पुढे कित्येक महिने गेला नाही. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आज सांगते.

जगताप सर गिऱ्हाईकाला लसूण तोलून देत होते. त्यांचं होईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "सर, काल शेवटी विक्रांतने चार पावलं टाकली. मी पाहिली होती. मी शिट्टी वाजवली नाही. चूक माझी आहे."

त्यांनी तराजू खाली ठेवला. मग म्हणाले, "माझी पोरं रात्रभर एकमेकांना दोष देत होती. तू त्याला अडवायला हवं होतंस, तू मध्ये जायला हवं होतंस, असं. आज त्यांना सांगतो की तुमचं काही चुकलं नाही." आणि तराजू पुन्हा उचलत, "पुन्हा आमच्या सामन्याला रेफरी म्हणून तुम्ही आलात तर मी हरकत घेणार नाही."

उपयोग काय, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. तरीही परतताना मी तुमच्याशी भांडले. रेफरी असे दारोदार जाऊन चुका कबूल करायला लागले तर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवील, असं मी म्हटलं. तुमचं म्हणणं, विश्वास तिथूनच सुरू होतो. हा वाद आपण दहा वर्षं घातला. मी आयोजकांनाही लेखी कळवलं, त्यांनी मला त्या मोसमात पुढचा एकही सामना दिला नाही, आणि तेव्हाही तुम्ही म्हणालात, "बरोबर केलं त्यांनी." तुमच्यासारखा सासरा शत्रूलाही देऊ नये, असं मी आईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी नवरा म्हणून निभावलाय, तू आपली तक्रार करू नकोस."

पण त्यानंतर माझी शिट्टी कधी अडली नाही. एकदाही नाही. नाव बघून नाही, टाळ्या बघून नाही.

आणि तुम्हीही काही निर्दोष नव्हतात, बरं का. विक्रांत जसजसा मोठा होत गेला तशी तुमची नजरही त्याच्याबाबतीत मऊ होत गेली. गेल्या वर्षी मी त्याला चार्ज दिला, म्हणजे स्थिर उभ्या असलेल्या बचावपटूवर तो जाऊन आदळला असा निर्णय दिला, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "सूनबाई, तो ब्लॉक आहे!" समोरचाच आडवा आला, म्हणजे चूक त्याची, असं तुमचं मत. सूनबाई! अख्ख्या मैदानासमोर! मी तुम्हाला ताकीद देणार होते. तो वाद घरी आला, जेवणाच्या ताटावर बसला आणि उठलाच नाही. दवाखान्यातसुद्धा तुम्ही नाकातल्या नळीसकट उशी उभी धरून मला दाखवत होतात की बचावपटूचे पाय कसे हलत होते. सिस्टर येऊन ओरडल्या. "पेशंटला बोलू देऊ नका." तुम्ही त्यांना म्हणालात, "तुम्ही सांगा, ही उशी हलली का?"

त्या म्हणाल्या, "हो, तुमच्या हाताने."

इतकं हसताना मी तुम्हाला त्यानंतर पाहिलं नाही.

पत्र आलं तेव्हा तुम्ही दवाखान्यातच होतात. पुरुषांच्या अंतिम सामन्याला मुख्य रेफरी म्हणून माझी नेमणूक. त्या स्पर्धेत आजवर त्या जागी बाई उभी राहिली नव्हती. मी पत्र वाचून दाखवलं. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत, चष्मा मागितलात, स्वतः वाचलंत, आणि शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनाही वाचायला दिलंत. मग पहिलं वाक्य काय बोललात? "आयोजकांना कळव. अंतिम सामन्यात आपला क्लब आला तर तुझा सासरा त्यांचा माणूस आहे."

मी कळवलं. फोनवर सचिव हसायला लागले. "मॅडम, साळवेकाकांना कोण ओळखत नाही? त्यांनी आमच्या प्रत्येक रेफरीचा पाणउतारा केलाय. त्यांच्या घरातला रेफरी दोन्ही संघांना चालेल." तुम्हाला मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि नुसता माझा हात थोपटलात. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

सामना तुमच्यानंतर तेराव्या दिवशी होता. तुमच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आदल्याच रविवारी झाला होता. आत्या म्हणाल्या, "अजून महिना झाला नाही आणि सून शिट्टी वाजवायला जाणार?" मी जाणार नाही असंच ठरवत होते. कपाट उघडून रेफरीचा शर्ट पाहिला आणि पुन्हा बंद केलं. आईंनी ते पाहिलं.

"चाळीस वर्षं हा माणूस संध्याकाळी घरी नसायचा," त्या म्हणाल्या. "कोर्टवर असायचा. मी एकदा तरी बघते काय आहे तिथे. मला पण घेऊन चल."

तर बाबा, परवा तुमच्या पाचव्या पायरीवर आई, राहुल आणि मुक्ता बसले होते. राहुल, ज्याला आजवर तुम्ही एकदाही सामन्याला आणू शकला नाहीत, तो.

अंतिम सामन्यात आपला क्लब होता. समोर नाशिकचा संघ. विक्रांत आता चौतीस वर्षांचा, हा त्याचा शेवटचा सामना असं त्याने जाहीर केलं होतं, आणि मैदान त्याच्यासाठीच भरलं होतं. मुलींच्या हातात त्याच्या नावाचे फलक होते. तो खेळलाही तसाच. एकतीस गुण. पण पाय थकले की हात पुढे येतात. त्याच्या नावावर चार फाऊल झाले. पाचव्याला खेळाडू बाहेर जातो.

एक मिनिटापेक्षा कमी वेळ उरला होता. आपण एका गुणाने मागे. विक्रांत उजवीकडून निघाला. नाशिकचा मुलगा त्याच्यासमोर सरळ उभा, हात वर. विक्रांतने डाव्या हाताने त्याच्या छातीला रेटा दिला, स्वतःला जागा केली, उडी मारली आणि चेंडू जाळीत टाकला. मैदान उसळलं.

माझी शिट्टी त्याच्या उडीच्या आधी वाजली होती.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मी मूठ वर केली, धक्क्याची खूण केली, बास्केट रद्द केली आणि त्याचा नंबर टेबलाकडे दाखवला. मग कळलं. बाबा, आजवर मी खूप शिव्या ऐकल्या आहेत, पण चार हजार माणसं एकदम ओरडतात तेव्हा तो आवाज कानात जात नाही, पायातून वर येतो. पाण्याच्या बाटल्या कोर्टवर पडल्या. आपल्या क्लबचे प्रशिक्षक रेषेपर्यंत धावत आले. "अहो, काय करताय तुम्ही? कुणाला बाहेर काढताय कळतंय का?"

विक्रांत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्यापेक्षा फूटभर उंच. घामाने निथळत होता.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "आज?"

"आजही," मी म्हटलं. "डावा हात."

त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा काही बोलेल आणि मला त्याला आणखी शिक्षा द्यावी लागेल. तो वळला. प्रशिक्षक अजून ओरडत होते. विक्रांतने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "सर, फाऊल होता. मीच ढकललं."

मग तो कोर्टच्या मधोमध गेला आणि त्याने हात वर केला. ज्याने फाऊल केला तो हात वर करतो, तसा सरळ. चारही बाजूंना वळून त्याने तो सगळ्यांना दाखवला. ओरडा एका बाजूने थांबत गेला. बाटल्या थांबल्या. तो नाशिकच्या त्या मुलापाशी गेला, त्याला टाळी दिली आणि बाकाकडे चालू लागला. तोपर्यंत सगळं मैदान उभं होतं. ज्यांनी मला शिव्या घातल्या होत्या तेही टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या नुसत्या त्याच्यासाठी आहेत असं मला वाटलं नाही. माझ्यासाठीही आहेत असंही वाटलं नाही. त्या खेळाला होत्या. मी शिट्टी हातात घट्ट धरून उभी होते आणि माझ्या छातीत आनंद मावत नव्हता.

आपला क्लब तीन गुणांनी हरला. तुम्ही असतात तर दोन दिवस जेवला नसतात.

सामना संपल्यावर राहुल खाली आला. त्याला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "त्याने हात लावला होता ना?"

"हो."

"मला वरून दिसलं." आणि मग माझा नवरा, तुमचा मुलगा, सगळ्या लोकांसमोर ढसाढसा रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडतोस काय? पोरीने सामना काय चालवलाय!"

तुम्हाला मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. घरात असं कुणी म्हणत नाही, आणि तुम्ही ते उडवून लावलं असतंत. त्या भरून ठेवलेल्या अर्जासाठी, त्या लसणाच्या गाळ्यासाठी, माझ्या रागाकडे दुर्लक्ष केल्याबद्दल, धन्यवाद, बाबा.

मग टेबलावर बोलावणं आलं. सामना संपला की गुणपत्रिकेवर सगळ्यांच्या सह्या होतात. गुणलेखक, वेळाधिकारी, दुसरे रेफरी. सगळ्यांच्या शेवटी मुख्य रेफरीची. ती झाली की निकाल कायम होतो, त्यानंतर कुणालाही काही बदलता येत नाही. मी घाम पुसला, पेन घेतलं, आणि एरवी नुसती आद्याक्षरं करते तिथे पूर्ण नाव लिहिलं: स्नेहल राहुल साळवे.

तुमचं आडनाव, बाबा. निकालाखाली.